प्रकाशसंवेदक सेंद्रिय रेणूंची रचना : कर्करोगावरील प्रकाशगतिक उपचारांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेऊन आपल्या सभोवतालच्या ऑक्सिजनला क्रियाशील बनविणाऱ्या रेणूला प्रकाशसंवेदक असे म्हणतात. कर्करोगाच्या गाठीत असा रेणू साठवून तिच्यावर प्रकाश टाकला असता तेथील पेशी नष्ट होतात. या उपचारास प्रकाशगतिक उपचार म्हणतात. प्रस्तुत लेखात या रेणूंच्या रचनेमागील रासायनिक तत्त्वे स्पष्ट केली आहेत. प्रकाशाचे शोषण, ट्रिपलेट अवस्थेची निर्मिती, पाण्यातील वर्तन आणि शरीरातून होणारा निचरा या चार कसोट्यांपैकी पहिल्या दोन प्रयोगशाळेत सहज मोजता येतात, म्हणून संशोधनात त्यांनाच अधिक महत्त्व दिले जाते. रुग्णाच्या दृष्टीने मात्र शेवटच्या दोन कसोट्या निर्णायक ठरतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : प्रकाशसंवेदक, सिंगलेट ऑक्सिजन, ट्रिपलेट अवस्था, जड अणूचा परिणाम, क्लोरीन-वर्गीय संयुगे, मुखाचा कर्करोग

प्रस्तावना

शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रासायनिक औषधे हे कर्करोगावरील तीन परिचित उपचार होत. या तिन्हींमध्ये रोगग्रस्त पेशींबरोबर निरोगी पेशींचीही हानी होते. प्रकाशगतिक उपचाराची कल्पना वेगळी आहे. यात रुग्णाला दिलेले औषध अंधारात जवळजवळ निष्क्रिय असते. बाहेरून टाकलेला प्रकाशही निरुपद्रवी असतो. औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन हे तीन घटक एकाच ठिकाणी एकत्र आले तरच तेथील पेशी मरतात. त्यामुळे प्रकाश जेथे पाडला जाईल तेवढ्याच भागात उपचार करता येतो.

तत्त्व असे सोपे असले तरी त्यासाठी योग्य रेणू मिळविणे सोपे नाही. शंभराहून अधिक वर्षांच्या संशोधनानंतरही प्रत्यक्ष वापरास मान्यता मिळालेले प्रकाशसंवेदक मोजकेच आहेत. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर रेणूच्या रचनेत शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८९७-९८ च्या हिवाळ्यात म्यूनिक येथे ऑस्कर राब हा विद्यार्थी हेर्मान फॉन टापाइनर यांच्या मार्गदर्शनाखाली अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर होणारा परिणाम अभ्यासत होता. रंगद्रव्याची मात्रा तीच असूनही जीव मरण्यास लागणारा वेळ दिवसागणिक बदलतो, असे त्याला आढळले. हा फरक प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रकाशामुळे पडतो, असा निष्कर्ष १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९०३ मध्ये टापाइनर आणि येसिओनेक यांनी त्वचेच्या गाठींवर इओसीन लावून त्यांवर प्रकाश टाकला. या क्रियेला ऑक्सिजनची आवश्यकता असते, हेही टापाइनर यांच्या गटाने लवकरच दाखवून दिले.

१९१२ मध्ये फ्रीड्रिख मायर-बेट्झ या जर्मन वैद्याने स्वतःच्या शिरेत २०० मिलिग्रॅम हीमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतले. त्यानंतर उन्हात गेल्यावर चेहरा व हात, म्हणजे शरीराचा उघडा भाग, तीव्रपणे सुजला आणि प्रकाशाविषयीची ही असह्यता बराच काळ टिकून राहिली. पॉर्फिरिनची शक्ती आणि तिची किंमत या दोन्ही गोष्टी या एकाच प्रयोगातून दिसून आल्या.

आधुनिक उपचाराचा पाया अमेरिकेतील बफेलो येथे टॉमस डोहर्टी यांनी घातला. त्यांनी १९७८ मध्ये रुग्णांवरील उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हीमॅटोपॉर्फिरिनपासून मिळविलेल्या ‘फोटोफ्रिन’ या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

आपल्याकडे पांढऱ्या डागांवर बावचीचे बी आणि सूर्यप्रकाश यांचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला आहे. हाही प्रकाशाच्या साह्याने केलेला उपचारच होय. परंतु बावचीतील सोरालेन हा रेणू अतिनील प्रकाशात प्रामुख्याने पेशीतील डीएनएशी थेट जोडला जातो. त्यासाठी ऑक्सिजन आवश्यक नसतो. म्हणून या उपचाराला प्रकाशगतिक उपचार म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही.

२. प्रकाशगतिक क्रियेचे स्वरूप

प्रकाशाचा एक फोटॉन शोषल्यावर रेणूतील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. या वेळी त्याच्या स्पिनची दिशा बदलत नाही. या अवस्थेस सिंगलेट अवस्था म्हणतात. तिचे आयुष्य सामान्यतः काही नॅनोसेकंदांचे असते. बहुतेक रेणू एवढ्या अवधीत प्रकाश किंवा उष्णता बाहेर टाकून मूळ स्थितीत परततात. काही रेणूंमध्ये मात्र इलेक्ट्रॉनच्या स्पिनची दिशा उलटते आणि रेणू ट्रिपलेट अवस्थेत जातो. तेथून मूळ स्थितीत येण्यासाठी स्पिन पुन्हा उलटावा लागत असल्याने ही अवस्था मायक्रोसेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ टिकते. जवळून जाणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूला गाठण्यास हा अवधी पुरेसा असतो.

ट्रिपलेट अवस्थेतील रेणू दोन मार्गांनी कार्य करतो. पहिल्या मार्गात तो इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करून सुपरऑक्साइड, हायड्रॉक्सिल यांसारखे मूलक निर्माण करतो. दुसऱ्या मार्गात तो आपली ऊर्जा थेट ऑक्सिजनला देतो. ऑक्सिजनची नेहमीची अवस्था ट्रिपलेट असते. ऊर्जा मिळाल्यावर तिचे रूपांतर अत्यंत क्रियाशील अशा सिंगलेट ऑक्सिजनमध्ये होते. पाण्यात याचे आयुष्य सुमारे ३.५ मायक्रोसेकंद असते. तेवढ्या काळात तो एक मायक्रोमीटर अंतरही ओलांडू शकत नाही, तर पेशीचा व्यास साधारणतः १० ते २० मायक्रोमीटर असतो. याचा अर्थ असा की, रेणू पेशीत ज्या ठिकाणी बसला असेल त्याच्या अगदी शेजारीच तो घाव घालतो.

३. रचनेच्या कसोट्या

३.१ योग्य तरंगलांबी

रक्तातील हीमोग्लोबिन ६०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. ९०० नॅनोमीटरच्या पलीकडे पाण्याचे शोषण वाढू लागते. म्हणून ऊतींमध्ये काही मिलिमीटर खोल जाण्यासाठी सुमारे ६५० ते ८५० नॅनोमीटरचा प्रकाश सोयीचा असतो. मग तरंगलांबी हवी तितकी का वाढवू नये? सिंगलेट ऑक्सिजन तयार करण्यास प्रतिमोल सुमारे ९४ किलोज्यूल ऊर्जा लागते. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशातून प्रतिमोल सुमारे १५० किलोज्यूल मिळतात. त्यांतील काही ऊर्जा सिंगलेट अवस्थेकडून ट्रिपलेट अवस्थेकडे जाताना खर्च होते. तरंगलांबी आणखी वाढत गेल्यास शिल्लक ऊर्जा ९४ च्या खाली जाते आणि प्रकाश कितीही खोल पोहोचला तरी दुसऱ्या मार्गाची क्रिया होत नाही.

पॉर्फिरिन वलयाचे तांबड्या भागातील शोषण फार क्षीण असते. मार्टिन गाउटरमन यांच्या चार ऑर्बिटलांच्या प्रतिमानानुसार याचे कारण वलयाची सममिती हे आहे. या सममितीमुळे जवळजवळ सारख्या शक्तीची दोन संक्रमणे कमी ऊर्जेच्या पट्ट्यात परस्परांना रद्द करतात. वलयातील एक द्विबंध संपृक्त केला की क्लोरीन-वर्गातील संयुग मिळते. (क्लोरीन वायूशी या नावाचा संबंध नाही, वनस्पतींतील हरितद्रव्य याच वर्गात मोडते.) सममिती ढळल्याने पूर्वीची वजाबाकी अपुरी राहते. परिणामी पट्टा ६५० ते ६७० नॅनोमीटरकडे सरकतो आणि पुष्कळ तीव्रही होतो. फोटोफ्रिनच्या ६३० नॅनोमीटरवरील शोषणाशी तुलना करता टेमोपॉर्फिन या क्लोरीन-वर्गीय औषधाचे ६५२ नॅनोमीटरवरील शोषण सुमारे दहापट आहे. समोरासमोरचे दोन द्विबंध संपृक्त केल्यास बॅक्टेरिओक्लोरीन मिळते व पट्टा ७३० ते ७८० नॅनोमीटरपर्यंत जातो. मात्र जितके अधिक द्विबंध संपृक्त करावेत तितके वलय हवेतील ऑक्सिजनने पुन्हा ऑक्सिडीकृत होण्याचा धोका वाढतो.

३.२ ट्रिपलेट अवस्थेची निर्मिती

रसायनशास्त्राच्या प्रत्येक प्राध्यापकाला परिचित असलेल्या तीन रंगद्रव्यांवरून हा मुद्दा उत्तम प्रकारे समजतो. फ्लुओरेसीन, इओसीन आणि रोझ बेंगाल यांचा सांगाडा एकच आहे. फ्लुओरेसीन शोषलेल्या फोटॉनांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकाशरूपाने परत देते आणि त्याचे सिंगलेट ऑक्सिजनचे क्वांटम उत्पन्न, म्हणजे शोषलेल्या दर फोटॉनमागे तयार होणाऱ्या सिंगलेट ऑक्सिजनच्या रेणूंची संख्या, केवळ ०.०३ च्या आसपास असते. त्यावर ब्रोमीनचे चार अणू जोडले की इओसीन मिळते व हे उत्पन्न सुमारे ०.५७ होते. ब्रोमीनऐवजी आयोडीनचे चार अणू असलेल्या रोझ बेंगालमध्ये (त्यात क्लोरीनचेही चार अणू असतात) ते सुमारे ०.७५ पर्यंत पोहोचते. जड अणूच्या केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनच्या स्पिनची त्याच्या कक्षीय गतीशी सांगड दृढ होते आणि स्पिन उलटणे सुलभ होते. यालाच जड अणूचा परिणाम म्हणतात.

परंतु या तिन्ही रंगद्रव्यांचे शोषण ४९० ते ५५० नॅनोमीटर या पट्ट्यात आहे. म्हणजे दुसऱ्या कसोटीस उतरणारे रोझ बेंगाल पहिल्या कसोटीत मागे पडते. शिवाय जड अणूंमुळे ट्रिपलेट अवस्थेचे आयुष्य कमी होऊ शकते आणि काही संयुगे अंधारातही पेशींना बाधक ठरतात. म्हणून जड अणू न वापरता स्पिन उलटविण्याचे मार्ग शोधले जात आहेत. कार्बोनिल गटातील ऑक्सिजनच्या जागी गंधक आणणे हा एक मार्ग होय. इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा असे दोन भाग परस्परांशी जवळजवळ काटकोनात जोडणे हा दुसरा मार्ग. अशा रेणूत इलेक्ट्रॉन एका भागातून दुसऱ्यात जाऊन परत येताना त्याच्या कक्षीय गतीची दिशा बदलते आणि हा बदल स्पिन उलटण्याची भरपाई करतो. दाता आणि ग्राही भाग वेगळे ठेवल्याने सिंगलेट व ट्रिपलेट पातळ्यांमधील ऊर्जेचे अंतरही कमी करता येते.

धातूंच्या बाबतीतही विवेक आवश्यक आहे. थॅलोसायनीनच्या वलयात जस्त किंवा सिलिकॉन असल्यास ट्रिपलेट अवस्था दीर्घकाळ टिकते. त्याच वलयात तांबे असल्यास धातूच्या अयुग्मित इलेक्ट्रॉनमुळे तिचे आयुष्य फार कमी होते. निळ्या शाईत व रंगात वापरले जाणारे ताम्र-थॅलोसायनीन प्रकाशात टिकाऊ असते, यामागे हे एक कारण आहे. रंगाला उपकारक असलेला हा गुण औषधाच्या दृष्टीने दोष ठरतो.

३.३ पाण्यातील वर्तन आणि पेशीतील स्थान

तांबडा प्रकाश शोषणारे रेणू बहुधा मोठे, सपाट आणि जलद्वेषी असतात. पाण्यात ते एकावर एक रचले जाऊन त्यांचे पुंज बनतात. पुंजातील रेणूंची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. डायमिथिल सल्फॉक्साइडसारख्या द्रावकात उत्तम ठरलेले संयुग रक्तात निष्प्रभ का होते, याचे एक प्रमुख कारण हे आहे. यावर उपाय म्हणून सल्फोनेट गट, धनभारित गट किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडतात, अथवा सपाट वलयाच्या वर-खाली अडथळा निर्माण करणारे गट बसवितात. याउलट, पुंज झाल्यावरच अधिक प्रकाशमान होणारे रेणू हाँगकाँग येथील बेन झोंग टांग यांच्या गटाने २००१ मध्ये वर्णिले. त्या तत्त्वावरही आता प्रकाशसंवेदक बनविले जातात.

रेणू फार जलस्नेही केला तर तो पेशीपटल ओलांडत नाही. धनभारित व काहीसे जलद्वेषी रेणू तंतुकणिकांकडे ओढले जातात आणि तेथे झालेली हानी पेशीला नियोजित मृत्यूकडे नेते. सिंगलेट ऑक्सिजनचा पल्ला अत्यल्प असल्याने रेणूचे स्थान हे त्याच्या क्वांटम उत्पन्नाइतकेच महत्त्वाचे ठरते.

३.४ शरीरातून होणारा निचरा

ही कसोटी रासायनिक प्रबंधांमध्ये सहसा शेवटच्या परिच्छेदात येते. रुग्णाच्या जीवनात मात्र तिचे स्थान पहिले असते. फोटोफ्रिन घेतलेल्या रुग्णाला किमान ३० दिवस ऊन व प्रखर दिवे टाळावे लागतात. काहींच्या बाबतीत हा काळ ९० दिवसांपर्यंत लांबतो. फोटोफ्रिन हे एक संयुग नसून अनेक पॉर्फिरिन एककांच्या लहान-मोठ्या साखळ्यांचे मिश्रण आहे आणि ते त्वचेत दीर्घकाळ रेंगाळते. मायर-बेट्झ यांनी १९१२ मध्ये अनुभवलेली अडचण मान्यताप्राप्त औषधातही शिल्लक राहिली, असे म्हणावे लागते.

४. दोन औषधांवरून मिळणारा बोध

टेमोपॉर्फिन हे रेमंड बॉनेट यांच्या लंडनमधील गटाने विकसित केलेले शुद्ध, एकच संयुग आहे. २००१ मध्ये युरोपात त्याला डोके व मानेच्या प्रगत कर्करोगासाठी मान्यता मिळाली. त्याची मात्रा दर किलोग्रॅम वजनामागे अवघी ०.१५ मिलिग्रॅम असते आणि चार दिवसांनी दर चौरस सेंटिमीटरला २० ज्यूल इतका प्रकाश पुरतो. शोषण वाढल्यामुळे औषध व प्रकाश या दोहोंत बचत झाली. तथापि त्वचेची संवेदनशीलता टळली नाही. रुग्णाला साधारण पंधरवडाभर टप्प्याटप्प्याने उजेडात यावे लागते.

पॅडेलिपॉर्फिन या औषधाची दिशा वेगळी आहे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत अविग्दोर शेर्झ आणि योराम सॉलोमन यांनी जिवाणूंतील हरितद्रव्यापासून ते तयार केले. त्यात मॅग्नेशियमच्या जागी पॅलॅडियम आहे व ते ७५३ नॅनोमीटरचा प्रकाश शोषते. ते जलस्नेही असल्याने रक्तवाहिन्यांतच राहते. शिरेतून दिल्यावर लगेच प्रकाश टाकला जातो आणि गाठीला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बंद पडतात. त्याची क्रिया मुख्यतः मूलकांच्या मार्गाने होते. त्याचा निचरा इतका जलद होतो की प्रकाशापासून जपण्याचा काळ सुमारे ४८ तासांवर येतो. २०१७ मध्ये युरोपात पुरःस्थ ग्रंथीच्या कमी जोखमीच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. मात्र २०२० मध्ये अमेरिकेतील सल्लागार समितीने त्याच्या बाजूने कौल दिला नाही. अशा रुग्णांपैकी अनेकांना केवळ देखरेखीखाली ठेवणे पुरेसे असते, हा विचार त्या चर्चेत महत्त्वाचा होता. उत्तम रेणूलाही योग्य रुग्ण मिळावा लागतो, असा याचा अर्थ होतो.

५. ऑक्सिजनच्या टंचाईचा प्रश्न

वेगाने वाढणाऱ्या गाठीच्या अंतर्भागात रक्तपुरवठा तोकडा असतो. त्यामुळे जेथे उपचाराची सर्वाधिक गरज असते तेथेच ऑक्सिजन कमी असतो. शिवाय उपचार सुरू होताच उरलेला ऑक्सिजनही खर्च होतो. प्रकाश मंद ठेवणे किंवा मधूनमधून थांबवून देणे, हा यावरील साधा उपाय आहे. रचनेच्या अंगाने पाहता मूलकांचा मार्ग अनुसरणारे रेणू येथे अधिक उपयुक्त ठरतात, कारण ते अल्प ऑक्सिजनवरही काही प्रमाणात कार्य करू शकतात. प्रतिपिंडाला प्रकाशसंवेदक जोडण्याचा मार्गही पुढे आला आहे. सिलिकॉन-थॅलोसायनीन जोडलेल्या सेटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला २०२० मध्ये जपानमध्ये डोके व मानेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

६. भारतीय संदर्भ आणि महाविद्यालयीन संशोधन

मुखाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. तंबाखू, मावा, गुटखा आणि सुपारी ही त्याची परिचित कारणे होत. तोंडात प्रकाश सहज पोहोचविता येतो. जीभ किंवा गालाचा भाग कापून काढल्यास बोलणे व गिळणे या क्रियांवर जो परिणाम होतो तो प्रकाशगतिक उपचाराने टाळता येण्याजोगा असतो. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या सहकार्याने मुखाच्या प्रारंभिक कर्करोगावर अशी चाचणी झाली. तीत महागड्या लेसरऐवजी डायोडच्या दिव्यांवर चालणारे अल्पखर्चाचे साधन वापरले गेले. औषध म्हणून दिलेले अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल स्वतः प्रकाशसंवेदक नाही. पेशी आपल्या हीमनिर्मितीच्या मार्गाने त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन बनविते व ते एक-दोन दिवसांत नाहीसे होते.

शेतात, बांधकामावर किंवा रस्त्याच्या कडेला काम करणाऱ्या रुग्णाला महिनाभर अंधाऱ्या खोलीत बसण्यास सांगणे म्हणजे त्याचा महिन्याचा रोजगार काढून घेणे होय. म्हणून आपल्या देशासाठी रेणू तयार करताना निचऱ्याचा वेग ही दुय्यम बाब मानता येणार नाही.

आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभागांना या क्षेत्रात काम करण्यास वाव आहे. दृश्य-अतिनील वर्णपटमापी, तांबडा डायोड दिवा आणि डायफेनिलआयसोबेंझोफ्युरान हे अभिकर्मक एवढ्या साहित्यावर सिंगलेट ऑक्सिजनचे मापन करता येते. या अभिकर्मकाचे ४१० नॅनोमीटरच्या आसपासचे शोषण ज्या वेगाने घटते त्याची तुलना मेथिलीन ब्ल्यूसारख्या संदर्भ-रंगद्रव्याशी केली जाते. मात्र पुढील पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

(अ) हे अभिकर्मक इतर मूलकांशीही संयोग पावते, म्हणून केवळ त्याच्या आधारे क्रियेचा मार्ग निश्चित करू नये.
(आ) सेंद्रिय द्रावकाबरोबरच पाण्यातील व प्रथिनयुक्त द्रावणातील मापनही द्यावे.
(इ) पेशींवरील प्रयोगात ‘केवळ औषध’ आणि ‘केवळ प्रकाश’ असे दोन्ही तुलनात्मक गट ठेवावेत.
(ई) प्रकाशाची तरंगलांबी आणि दर चौरस सेंटिमीटरमागील ज्यूल यांची स्पष्ट नोंद करावी. या नोंदीशिवाय दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना होऊ शकत नाही.

निष्कर्ष

प्रकाशसंवेदकाच्या रचनेत एक गुण वाढविताना दुसरा कमी होतो, असे वरील विवेचनावरून दिसून येते. तरंगलांबी वाढवावी तर ऊर्जा घटते, जड अणू घालावा तर अंधारातील विषारीपणाचा धोका वाढतो, आणि वलय मोठे करावे तर पाण्यात पुंज होतात. त्यामुळे सर्वोच्च क्वांटम उत्पन्न असलेला रेणू हाच सर्वोत्तम औषध ठरतो, असे मानणे योग्य नाही. फोटोफ्रिनच्या महिन्याभरापासून पॅडेलिपॉर्फिनच्या दोन दिवसांपर्यंत झालेला प्रवास मुख्यतः रेणूच्या निचऱ्यात झालेल्या सुधारणेचा आहे. नवीन रेणूची आखणी करताना तो शरीरात कोठे जाईल आणि केव्हा बाहेर पडेल, हे प्रश्न संश्लेषणाच्या पहिल्या पायरीपासूनच विचारले गेले पाहिजेत. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र आणि वैद्यक या शाखांच्या अध्यापकांनी एकत्र बसल्याशिवाय या प्रश्नांची उत्तरे मिळणे कठीण आहे.